वारा तोंडावर घेऊन: एक्समूरच्या तट्टांसोबत चित्रकलेचा एक दिवस

एक्समूरची तट्टे वाऱ्याकडे पाठ करून उभी राहतात, त्यामुळे त्यांचा चेहरा काढायचा किंवा टिपायचा असेल तर चित्रकाराला वारा स्वतःच्या तोंडावर घ्यावा लागतो, ही साधी गोष्ट मला एका दिवसाच्या चित्रवर्गासाठी ९५ पौंड मोजल्यावर कळली. ते मोजल्याचा पश्चात्ताप झालेला नाही, हे आधीच सांगून टाकते. परंतु सगळेच पैसे वसूल झाले असेही नाही, आणि कोणते झाले व कोणते नाहीत याचा हिशेब मांडण्यासाठीच हे परीक्षण लिहीत आहे. ज्या चित्रकर्तीकडे मी गेले होते त्यांचे नाव येथे देत नाही, कारण काही उणिवा स्पष्टपणे लिहायच्या आहेत आणि तो एकट्या बाईचा व्यवसाय आहे. त्या भागात असे वर्ग घेणारे आणखीही चित्रकार आहेत, तेव्हा जायचा विचार असलेल्यांना पुढील तपशील कोणाकडेही जाताना उपयोगी पडतील.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला सॉमरसेट आणि डेव्हन या दोन परगण्यांत पसरलेला एक्समूर हा प्रदेश १९५४ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. उद्यान या शब्दावरून डोळ्यांपुढे जे येते त्यातले तेथे काहीच नाही. झाडी आहे ती खाली ओढ्यांच्या दऱ्यांत. वर चढून गेले की नुसता उघडा माळ, त्यावर हेदरची गुडघाभर झुडपे, पिवळ्या फुलांचे काटेरी गॉर्स, ब्रॅकन नावाचे नेचे, आणि मधूनमधून पाय घोट्यापर्यंत बुडेल अशी ओल. अटलांटिकवरून आलेल्या वाऱ्याला अडवायला मध्ये काही नाही. पावसाळ्यात कासच्या पठारावर धुके अंगावरून सरकत जाताना ज्यांनी अनुभवले असेल, त्यांना थोडीफार कल्पना येईल. फक्त कासचा गारवा सुखाचा असतो आणि एक्समूरचा हाडांत शिरतो.

मी ब्रिस्टलला राहते. तेथून मोटारीने पावणेदोन तासांत डल्व्हर्टन हे छोटे गाव लागते आणि वर्ग त्याच्या जवळपासच भरतो. नोंदणी करताना जे कळवण्यात आले ते असे: सहा जणांची मर्यादा, सकाळी दहा ते दुपारी चार ही वेळ, दुपारचे सूप आणि पाव शुल्कातच, चित्रकलेचे साहित्य त्यांचे, कॅमेरा आपला. तट्टे दिसतीलच याची हमी देता येत नाही, हे वाक्य ठळक अक्षरांत होते, आणि ते मला आवडले. चालणे मध्यम स्वरूपाचे आहे, हे वाक्य साध्या अक्षरांत होते, आणि ते खरे ठरले नाही. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा होता. तीन वेळा दलदलीतून वाट काढावी लागली आणि आमच्यातल्या एका सत्तरीच्या गृहस्थांना दोघांनी धरून बाहेर काढले. ते हसत होते, पण माझ्या मते हे आधी लिहायला हवे होते.

दिवसाची सुरुवात मात्र अशी झाली की मी मनातल्या मनात चाळीस वर्षे मागे गेले. जुन्या गोठ्याचा स्टुडिओ केलेला आहे. एका भिंतीला खिडकीखाली लांब फळी, दुसऱ्या भिंतीवर तारखा घातलेल्या चित्रवह्यांची रांग, कोपऱ्यात लाकडाची शेगडी. आम्ही सहा जण बसल्यावर बाईंनी कागद वाटले आणि एकही तट्टू पाहण्याआधी, एकही चित्र न दाखवता, दहा मिनिटांत आठवणीतून तट्टू काढायला सांगितले. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा दिलेल्या प्रत्येकाला स्मरणचित्राचा तो पेपर आठवत असेल. मी बाजाराचा देखावा आणि पाणपोई घोटून गेलेली मुलगी; घोडा कधी आलाच नव्हता. शिवाय घोड्याचे चित्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पंढरपुरात जन्मलेल्या हुसेन यांचे उधळलेले घोडे येतात, त्यामुळे माझ्या कागदावर त्या घोड्यांचा एक आजारी नातेवाईक उतरला. बाकीच्या पाचही जणांनी शर्यतीचा उंच, सडपातळ घोडा काढला होता. बाईंनी सहाही कागद शेजारी शेजारी टाचले, कोणालाही नावे ठेवली नाहीत, आणि मग स्वतःच्या वहीतले एक पान त्या कागदांच्या खाली लावले. फरक सांगण्याची गरजच उरली नाही.

त्यानंतरचा पाऊण तास हा या वर्गाचा सर्वांत मोलाचा भाग आहे. एक्समूर जातीचे तट्टू खांद्यापाशी सव्वाचार फुटांपर्यंतच भरते, पण ते मोठ्या घोड्याची लहान प्रत नव्हे. पोट खोल आणि गोल, पाय आखूड, मान जाड, कपाळ रुंद. डोळ्याभोवतीची कातडी वरून आणि खालून मांसल, उचललेली असते, जेणेकरून पावसाचे पाणी डोळ्यात न जाता कडेने ओघळून जावे. तिकडे या ठेवणीला बेडकाचा डोळा म्हणतात. शेपटीच्या मुळाशी आखूड केसांचा पंखा असतो, तोही पाणी दोन्ही बाजूंना वळवण्यासाठी. हिवाळ्यात अंगावर केसांचे दोन थर येतात, आत लोकरीसारखा दाट आणि बाहेर लांब, तेलकट. अंगाची ऊब बाहेर येत नाही, म्हणून पाठीवर पडलेला बर्फ वितळत नाही, तसाच थरावर साचून राहतो. रंग तपकिरी किंवा मातकट, पाय, आयाळ आणि शेपूट काळी, आणि तोंडाभोवती व डोळ्यांभोवती पीठ लागल्यासारखी फिकट छटा. पांढरा ठिपका कुठेही चालत नाही. असा ठिपका असला की जातीच्या नोंदवहीत नाव लागत नाही. आपल्याकडे ज्या पंचकल्याणी घोड्याचे एवढे कौतुक, तो येथे पहिल्याच फेरीत नापास झाला असता. (भीमथडीच्या तट्टांचा अभिमान सांगणाऱ्या आपल्याच भाषेत भाडोत्री तट्टू ही शिवी कशी झाली, हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला.)

हे सगळे शरीररचनेच्या तासासारखे वाटेल, पण बाईंची सांगण्याची पद्धत वेगळी आहे. त्या प्रत्येक अवयवाचे काम सांगतात, आणि ते काम कळले की रेघ कुठे जड करायची आणि कुठे सोडून द्यायची हे हाताला आपोआप कळू लागते. पापणीच्या वरच्या कडेला पेन्सिल दाबायची, कारण तेथे सावली पडते. पोटाखालची फिकट छटा काढायचीच नाही, कागद मोकळा सोडायचा.

स्टुडिओच्या दाराशी सर आल्फ्रेड मन्निंग्ज यांच्या एका चित्राचे पोस्टकार्ड टाचलेले होते. घोड्यांची चित्रे काढणारा हा मोठा इंग्लिश चित्रकार. दुसऱ्या महायुद्धात त्यांचे डेडहॅमचे घर सैन्याने ताब्यात घेतले, तेव्हा ते याच भागात विदिपूल या खेड्यात येऊन राहिले आणि माळावरच्या तट्टांची चित्रे काढत राहिले. १९४४ मध्ये ते रॉयल ॲकॅडमीचे अध्यक्ष झाले. तरुणपणीच अपघातात त्यांचा उजवा डोळा गेला होता, म्हणजे हे सगळे काम एका डोळ्याचे. बाईंनी हे सांगितले आणि लगेच आम्हाला एक डोळा मिटून खिडकीतून बाहेरच्या कुंपणाचे अंतर जोखायला लावले. जमले नाही.

अकराच्या सुमारास आम्ही विन्सफर्ड हिलवर गेलो. या टेकडीवरच्या कळपाला अँकर कळप म्हणतात. १८१८ मध्ये राजाच्या मालकीचे एक्समूरचे राखीव रान विकले गेले, तेव्हा सर थॉमस ॲक्लंड यांनी सुमारे तीस तट्टे वेगळी काढून इकडे आणली, त्यांचाच हा वंश. माळावर मोकळी दिसणारी ही जनावरे रानटी नाहीत, प्रत्येकाला मालक आहे. पण वर्षभर ती स्वतःच चरतात, स्वतःच आडोसा शोधतात, आणि माणसाने त्यांना हात लावू नये किंवा खायला घालू नये अशी अपेक्षा असते, कारण खाऊची चटक लागली की ती रस्त्यावर येऊन मोटारींखाली सापडतात. आम्हाला पन्नास मिनिटे काहीही दिसले नाही. ऑक्टोबरात ब्रॅकन वाळून ज्या तांबूस तपकिरी रंगाचे होते, नेमक्या त्याच रंगाची ही तट्टे असतात, आणि बाईंनी बोट दाखवूनही मला दोन मिनिटे नुसते नेचेच दिसत होते. मग त्यातल्या एका नेच्याने शेपूट हलवले.

सात घोड्या होत्या, दोन शिंगरे होती, आणि सगळ्यांचे पुठ्ठे आमच्याकडे. पहिला अर्धा तास आम्ही वाऱ्याला पाठ देऊन, आरामात, तेच काढले. त्यानंतर बाईंनी आम्हाला मोठा वळसा घालून कळपाच्या पलीकडे नेले, आणि तेथे वाऱ्याचा खरा अर्थ कळला. डोळ्यांतून पाणी येते, कागदाची कड फडफडते, कोळशाची भुकटी रेघ उमटण्याआधीच उडून जाते. त्यांनी दिलेल्या फळीला चारही कोपऱ्यांना चिमटे होते आणि मधोमध इलॅस्टिक. पेन्सिल दोरीने मनगटाला बांधलेली. जलरंग त्यांनी मुद्दाम दिले नव्हते, कारण त्या दमट हवेत ते तासभर वाळत नाहीत. त्यांच्या स्वतःच्या हातात बोटे उघडी असलेले लोकरी मोजे होते, आणि उजव्या मोज्याच्या करंगळीकडच्या कडेला वर्षानुवर्षांच्या शिशाने पत्र्यासारखी चकाकी आली होती. मी बराच वेळ तट्टांऐवजी तेच पाहत होते.

तट्टू एका जागी उभे राहत नाही ही प्रत्येक नवशिक्याची तक्रार असते, आणि तिच्यावरचा त्यांचा तोडगा मला पूर्ण पटला. एका पानावर एकच चित्र काढायचे नाही. घोडी हलली की तेथेच हात थांबवून शेजारी दुसरे सुरू करायचे, ती पुन्हा हलली की तिसरे. चरणारे जनावर ठरावीक चार-पाच ढबींमध्येच फिरत असते, त्यामुळे काही मिनिटांत ते पहिल्या ढबीत परत येते आणि आपणही पहिल्या चित्राकडे परत जायचे. माझ्या पानावर अर्ध्या तासात आठ अर्धवट घोड्या झाल्या आणि त्यातल्या दोन जवळजवळ पूर्ण. दुसरी सूचना त्याहून छोटी होती. मी चारही पायांना नेटके खूर काढले होते. बाईंनी वाकून पाहिले आणि विचारले की खूर कुठे दिसले. खरोखरच दिसत नव्हते; गवतात आणि हेदरमध्ये पाय गुडघ्याखाली बुडालेले होते. मी खूर खोडले आणि टेबलावर ठेवलेल्या खेळण्यासारखी दिसणारी घोडी एका क्षणात जमिनीवर उभी राहिली.

एका घोडीचा चेहरा मी दुर्बिणीतून बराच वेळ पाहिला. पाऊस बारीक होता. पापणीवर थेंब साठत, वरच्या कडेने बाहेर सरकत आणि गालावरच्या लांब केसांच्या टोकाला लटकत राहत. डोळा मात्र कोरडा. आयाळ वाऱ्याने पुढे लोटून अर्धा चेहरा झाकलेला होता. तिचा एक कान आमच्याकडे वळला तेव्हा बाईंनी सगळ्यांना दोन पावले मागे घेतले. कान वळला म्हणजे आपण जास्त जवळ आलो, एवढाच त्यांचा नियम आहे.

आता तक्रारींकडे वळते. या दिवसाच्या जाहिरातीत चित्र आणि छायाचित्र असे दोन्ही शब्द सारख्याच आकारात होते, परंतु छायाचित्रणाच्या वाट्याला जेमतेम अर्धा तास आला, तोही सूप पिऊन झाल्यावर, प्रकाश मंदावत असताना. जे सांगितले ते चुकीचे नव्हते. गडद तपकिरी जनावर आणि त्यामागे पांढरे आकाश असले की कॅमेरा आकाशावर विश्वास ठेवतो आणि तट्टू काळे ठिक्कर येते, म्हणून कॅमेऱ्यातला उजेड (एक्स्पोजर) हाताने वाढवून घ्यावा. दुडकी चालीसाठी सेकंदाचा पाचशेवा भाग आणि चौखूर धावण्यासाठी हजारावा भाग ठेवावा. वाऱ्याकडे तोंड असल्याने भिंगावर पाऊस पडणारच, तेव्हा भिंगाभोवती आडोशाची कड (लेन्स हूड) लावून प्रत्येक तीन-चार छायाचित्रांनंतर ते पुसावे. हे सगळे उपयोगाचे आहे, पण ते उभ्या उभ्या, वाऱ्यात ओरडून सांगितले गेले. ज्या दोघांकडे फक्त फोन होते त्यांना काय करावे हे कोणीच सांगितले नाही. छायाचित्रे नंतर पाठवा, मी पाहून अभिप्राय देईन, असे आश्वासन होते. मी दहा पाठवली, आणि तीन आठवड्यांनी तीन ओळींचे उत्तर आले. ज्यांना मुख्यतः छायाचित्रेच काढायची आहेत त्यांनी नोंदणी करण्यापूर्वी दिवसाची विभागणी कशी आहे हे स्पष्ट विचारून घ्यावे.

सूप कोमट होते. माळावर शौचालय नाही हे समजण्यासारखे आहे, पण निघण्यापूर्वी तशी कल्पना द्यायला हवी होती. फोनला तेथे अनेक ठिकाणी रेंज मिळत नाही, हेही.

छायाचित्रणाचा भाग एवढा तोकडा का, हे मला संध्याकाळी स्टुडिओत परतल्यावर उलगडले. बाई स्वतः शेकडो छायाचित्रे काढतात, पण ती कोणाला दाखवण्यासाठी नसतात. चित्रात एखादा पाय चुकीचा वाटला तर तपासण्यापुरताच त्यांचा वापर. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिज यांनी कॅलिफोर्नियात धावत्या घोड्याची ओळीने छायाचित्रे घेतली, तोवर युरोपातले चित्रकार भरधाव घोड्याचे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे, असे ताणून काढत असत. प्रत्यक्षात चारही पाय जमिनीवरून सुटतात तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात. माणसाचा डोळा जे पकडू शकत नाही ते कॅमेऱ्याकडून घ्यावे, बाकी कागदावरच ठरवावे, असा त्यांचा हिशेब आहे. तो त्यांच्यापुरता योग्यच आहे. मात्र अर्धा वर्ग कॅमेरा घेऊन आलेला असताना तो जाहिरातीतही दिसायला हवा.

त्या संध्याकाळी चहा घेताना त्यांच्या दिनक्रमाबद्दलही थोडे बोलणे झाले. मूळ चित्रे फार कमी विकली जातात. घर चालते ते छापील प्रती, शुभेच्छापत्रे आणि असे वर्ग यांवर. लोक आपापल्या पाळीव घोड्यांची चित्रे सांगून करून घेतात, पण त्या कामाबद्दल बोलताना त्यांचा चेहरा उतरतो, कारण मालकाला घोडा नेहमी आहे त्यापेक्षा तरुण हवा असतो. हिवाळ्यात महिनेच्या महिने कोणी येत नाही आणि चांगली चित्रे त्याच काळात होतात. सर्वांत चांगली तर शरदात, कळप माळावरून खाली शेतावर आणले जातात तेव्हा. तेथे शिंगरे आईपासून वेगळी काढली जातात, त्यांची तपासणी होते, काही माळावर परत जातात आणि बाकीची विकली जातात. त्या वेळच्या वह्या त्यांनी मला चाळू दिल्या. दाटीवाटीने उभी असलेली ओली जनावरे, त्यांच्या अंगातून निघणारी वाफ, आणि प्रत्येक शिंगराचा वेगळा चेहरा, पानामागून पान. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा या जातीची फक्त पन्नासएक तट्टे उरली होती. माळावरची कुंपणे उघडी राहिली, काही सैनिकांच्या गोळ्यांना बळी पडली, काही मांसासाठी चोरली गेली. नंतर मेरी एथरिंग्टन यांनी पुढाकार घेऊन पैदास करणाऱ्या शेतकऱ्यांना एकत्र आणले आणि जात टिकली. त्या वह्यांत मला जी दोनशेहून अधिक शिंगरे दिसली, ती सगळी त्या पन्नासांचीच पुढची पिढी.

मी ६० पौंडांना एक छापील प्रत घेतली, तिच्याबद्दलही लिहिले पाहिजे. कागद जाड, सुती, कडा स्वच्छ, बांधणी इतकी पक्की की घरी आल्यावर कात्री शोधावी लागली. रंग मात्र मूळ चित्राहून किंचित लालसर आले आहेत. मूळ चित्रात तोंडाभोवतीची फिकट छटा म्हणजे कोऱ्या कागदावर पिवळ्या मातीच्या रंगाचे एकच पातळ पाणी आहे. छापताना ते पाणी भरीव झाले आणि पिठाऐवजी लोणी लागल्यासारखे दिसते. शेजारी मूळ चित्र नसेल तर कोणाच्या लक्षात येणार नाही, पण मी दोन्ही पाहिली आहेत. शुभेच्छापत्रांत हा दोष नाही, आणि पाच पौंडांना सहा पत्रे हा भाव उत्तम आहे.

एकूण पाहता, ज्यांच्या हातात कधीकाळी पेन्सिल होती आणि मग नोकरी-संसारात ती सुटली, अशांनी हा दिवस जरूर घ्यावा. अगदी नवशिक्यांनाही चालेल, कारण कोणाची कोणाशी तुलना होत नाही. बारा वर्षांखालील मुलांना नेऊ नये. पन्नास मिनिटे न बोलता उभे राहणे त्यांना जमणार नाही आणि तेवढ्यात तट्टे दुसऱ्या टेकडीवर गेलेली असतील. पंचतारांकित गुण देणार नाही, चार देईन, आणि पाचवा छायाचित्रणाने खाल्ला असे म्हणेन.

माझ्या स्वयंपाकघरात सध्या त्या दिवशीचे माझे एकच चित्र लावलेले आहे आणि त्यात तट्टाचा पुठ्ठा, वाऱ्याने पायांत गेलेली शेपूट आणि एक वळलेला कान एवढेच दिसते. घरी येणारे विचारतात की याचे तोंड कुठे आहे. मे महिन्यातल्या वर्गासाठी नाव नोंदवले आहे, तेव्हा माळावर नवी शिंगरे असतील. या खेपेला गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घेईन, आणि सूप स्वतःच्या थर्मासमध्ये नेईन.